गादीवर मारलेली हाक

आमच्या घरात नुसत्या तोंडाने हाक मारायची रीतच नाही. मी एकतीस वर्षं कापडाच्या कारखान्यात मागावर काढली. चाळीस माग खटखटत असताना शेजारणीच्या कानाशी बोंब मारली तरी तिला काय ऐकू येणार? म्हणून आम्ही पाय आपटायचो. फळ्यांची जमीन, हादरा तळपायाला कळायचा, माणूस वळायचं. मग पुढचं सगळं हातांनी आणि डोळ्यांनी. सासवांची उणीदुणीसुद्धा आम्ही एक शब्द न बोलता काढायचो. तीच सवय घरी आली. मुलगाही मागावरच लागला, आणि घराची जमीनही लाकडाचीच. पाय आपटून हाक दिली की जो तो मान वर करतो. माझे अर्धे कान त्या कारखान्याने खाल्ले, तरी माझ्यावाचून या घरात पान हलत नाही.

सून तेवढी बाहेरची. औषधांच्या दुकानात कामाला, शिकलेली, चालते तरी पावलाचा आवाज नाही. नातू, आमचा बोक्या, नऊ महिन्यांचा होता तेव्हा म्हणाली, "आई, बाळ माझ्या हाकेला वळत नाही."

मी तिला माझ्या लेकीदेखत झापलं. "तुझ्या हाकेला मांजर वळायचं नाही, बाळ कुठलं वळतंय! हे बघ." मी मागून पाय आपटला, "बोक्या!" बोक्या गर्रकन वळला आणि बोळकं पसरून हसला. लेकही हसली. सून हसली नाही.

तिने कान तपासायची वेळ घेतली, तर त्या सकाळी मी बोक्याला काखेत मारून बहिणीकडे निघून गेले. माझ्या घरच्या पोरात खोट काढते म्हणजे काय! नंतर दोनदा तिने विषय काढला, दोनदा मी चार-चार दिवस अबोला धरला. मुलगा "आई म्हणते तर तसंच असेल" म्हणून मोकळा. तिसऱ्यांदा तिने विषय काढला नाही.

दोन वर्षांचा होत आला तरी बोक्याच्या तोंडून एक शब्द फुटेना. "याचा बाप तीन वर्षं मुखस्तंभ होता," मी सांगत फिरायची. मग सुनेने त्याचं नाव आई-बाळाच्या गाण्याच्या वर्गात घातलं. दोन वेळा तीच घेऊन गेली. काय शिकवलं विचारलं तर म्हणाली, "या खेपेला तुम्हीच जा, आई." मला वाटलं, सुट्टी मिळाली नसेल.

वर्गाच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड रबरी गाद्या. आठ पोरं, सात आया आणि मी. मांडी घालताना माझे गुडघे कडाडले, तर शेजारची म्हणते, "आजी, ताल छान धरलात हं!"

"तुझ्या वयाचे असताना हे गुडघे बारा तास उभे असायचे," मी म्हणाले.

गाण्याची बाई पडद्यामागे गेली. "आता आपण गप्प. बघू कोण शोधतंय!" आतून घुंगरू वाजलं. सात माना पडद्याकडे फिरल्या. बोक्या खुळखुळ्याचा दांडा चघळत होता. डफ वाजला, तरी चघळतच होता. मग झांजा कडाडल्या आणि एक पोर दचकून रडायला लागलं. बोक्याने त्या पोराचं उघडं तोंड तेवढं कौतुकाने पाहिलं.

"झोप आलीय त्याला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि त्याच्या मागे पाय आपटला. "बोक्या!" पाय गादीने गिळला. मी उठून उभी राहिले, पुन्हा आपटला. "बोक्या! ए बोक्या!" माझा आवाज कारखान्यातला, रस्त्यावरचा माणूस थांबेल असा. सगळ्या आया माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या नातवाची पाठ हलली नाही.

तो माझ्या हाकेला कधी वळलाच नव्हता. फळी हादरायची म्हणून वळत होता. आणि त्याची आई, पाय न आपटणारी, उगाच बोलणी खात होती.

बाई जवळ बसली. "आजी, घरी हाक मारली की बघतो का?"

"एका हाकेत," मी म्हणाले. जीभ मेली, ताठा सोडेना.

संध्याकाळी सून आली. "कसा झाला वर्ग?"

मी खाटांवरच्या दोन्ही गाद्या ओढून एकावर एक टाकल्या, बोक्याला माझ्याकडे पाठ करून वर बसवलं, आणि त्याच्यामागे पातेल्यावर पळी हाणली. सून दारातच उभी, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती.

"परत," ती म्हणाली.

मी परत हाणली.

"परत."

मुलगा अंगाला साबण तसाच घेऊन न्हाणीतून धावत आला. बोक्या गादीचा दोरा उपटत बसला होता.

"मला वाटायचं, त्याला मी आवडत नाही," सून म्हणाली. "वर्षभर वाटायचं."

लोकांची तोंडं बंद करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी मीच तिला म्हणाले, "तपासायची वेळ घे."

तपासणीत दोन्ही कान गेलेले निघाले, जन्मापासूनच. आता उपाय करू, पण वेळ बराच वाया गेलाय, डॉक्टर म्हणाले. मग कागद पुढे ओढून विचारलं, "पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

मुलगा चपलांकडे बघायला लागला. सूनही बोलेना. ती मला झाकून घेणार होती, आणि तेच मला सोसेना.

"हिच्या लक्षात नवव्या महिन्यात आलं," मी म्हणाले. "मी तिला इथे येऊ दिलं नाही. तसं लिहा."

"आजी, तसं लिहायला इथे जागा नाही."

"मग नुसते नऊ महिने लिहा."

त्यांनी लिहिलं. सुनेने बोक्याला उचललं आणि माझ्यासाठी न थांबता जिना उतरायला लागली.