पायाखालची लेपटी

मी लेपटी बोलतेय. तोंड वाकडं करून बोलते म्हणून रुसू नका; आम्हा चपट्या माशांत सरळ तोंड कुणालाच नाही.

जन्मले तेव्हा मात्र मी चार माशांसारखीच होते. आईने खोल पाण्यात हजारो अंडी सोडली आणि स्वतः आपल्या वाटेने गेली. प्रवाहाने आम्हांला किनाऱ्याकडे आणलं. नखाएवढी झाले नि माझा एक डोळा कपाळावरून सरकत दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसला. मग मी एका कुशीवर आडवी झाले, ती कायमचीच.

खाडीच्या तोंडाशी, उथळ वाळूत वाढले. अंगावर वाळू ओढायची, तिचाच रंग घ्यायचा, डोळे तेवढे वर ठेवायचे आणि हलायचं नाही. तुमच्या कचेऱ्यांत एवढ्या गुणांवर माणसं साहेब होतात. मी नुसती जिवंत राहिले.

तीन वर्षांनी पोट अंड्यांनी भरलं. ती उथळात सोडून भागत नाही, खोल पाणीच गाठावं लागतं. ओहोटीची वाट पाहत पडले होते, तोच एक म्हातारा मासेमार सुनेला घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला. ही माणसं आमच्यासाठी जाळं टाकत नाहीत. अनवाणी पायांनी वाळू चाचपत चालतात. मासा लागला की पायाने दाबायचा, मग हात घालायचा.

सुनेचा पाय नेमका माझ्या पाठीवर. मी जन्मभराची विद्या वापरली, निपचित पडले. चुकलंच.

"बाबा, काहीतरी गुळगुळीत लागतंय!"

"तीच! पाय उचलू नकोस."

"गुदगुल्या होतायत हो!"

"नंतर हस. आधी हात घाल."

बोटं कल्ल्यापाशी आली. आता पडून राहिले, तर हजारो पोरं माझ्यासकट कढईत. मी अंग धनुष्यासारखं वाकवलं आणि सगळा जीव एकवटून शेपटी हाणली. तिचा पाय घसरला. बाई पाण्यात बसल्या.

"अगं, मासा धरायला सांगितलं होतं, बैठक मारायला नाही!"

"तुम्हीच म्हणालात ना, पाय उचलू नकोस? म्हणून बसले."

पुढचं ऐकायला मी थांबले नाही.

कल्ल्याजवळ ओरखडा आहे, एक पर फाटलाय. पण तळ खाली खाली जातोय, पाणी गार लागतंय. वाटेत मोठ्या होड्यांची जाळी आहेत म्हणतात. असू देत, खालून जाईन. तुम्हांला सांगणं एवढंच: मागून माझ्यासारख्या पोटुश्या येतायत, थोडे दिवस त्यांना वाट द्या. मी निघाले.