निरोगी चौदा

मी एक कुपी बोलतेय. करंगळीच्या पेराएवढी, प्लास्टिकची, निळ्या झाकणाची. माझ्यात एका माणसाच्या रक्तातलं पिवळसर पाणी आहे आणि ते बावीस वर्षं दगडासारखं गोठून पडलंय. शून्याखाली ऐंशी अंश ही काही राहायची जागा नव्हे. पण मला विचारलं कुणी?

माझ्या अंगावर शाईने लिहिलंय, 'निरोगी १४'.

आमच्या प्रयोगशाळेत यकृताच्या कर्करोगावर काम चालतं. काविळीचा एक विषाणू माणसाच्या यकृतात वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो आणि मग काहींना कर्करोग होतो. काहींनाच का, हे सरांना शोधायचं होतं. रुग्णांचं रक्त मिळत होतं. तुलनेला निरोगी माणसं हवी होती. सर म्हणाले, "आपण काय मेलोय? करा बाह्या वर!"

सगळे हसले, सगळ्यांनी रक्त दिलं. असा माझा जन्म झाला.

रुग्णांसाठी चार पानी फॉर्म होता. तो सरांनीच लिहिलेला आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. "घरात कुणाला यकृताचा आजार होता का, असं विचारलं की लोक नाही म्हणतात," ते सांगायचे. "कुणाच्या पोटात पाणी झालं होतं का, असं विचारा. मग घडाघडा बोलतात."

टेक्निशियन मामांनी तेव्हा विचारलं होतं, "सर, आपलेही फॉर्म भरायचे ना? आणि तपासणी?"

"आपल्यांना कसले फॉर्म, मामा? आपण काय एकमेकांना ओळखत नाही? आणि किट कशाला वाया घालवायचं?"

झालं. आम्ही निरोगी ठरलो.

शेजारच्या डब्यात रुग्णांच्या कुप्या असतात. त्यांना सारखं बोलावणं येतं. त्या बाहेर जातात, उजेड बघतात, थोड्या रिकाम्या होऊन परततात. आमच्या डब्यावर मात्र बर्फाचा थर चढत गेला. निरोगी म्हटलं की भेटायला कुणी येत नाही.

फ्रीजरचं दार उघडलं की ऊब आत यायची आणि सर दिसायचे. मी त्यांना बरोबर ओळखायचे. का, ते पुढे कळेल. त्यांचे केस पांढरे झालेले पाहिले. यंदा शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झालेली पाहिली. वाकताना ते उजव्या कुशीवर हात दाबायचे. मामांनी विचारलं तर म्हणायचे, "ॲसिडिटी." मी आतून ओरडत होते. पण गोठलेल्या पाण्याला आवाज कुठला?

मग ती आली. सरांची नवी विद्यार्थिनी, जिभेने तिखट. फ्रीजर गच्च भरला होता. सर म्हणाले, "तो निरोगींचा डबा टाकून दे. बावीस वर्षांत कुणी हात लावलेला नाही."

"टाकायच्या आधी एकदा तपासू का, सर?"

"अगं, निरोगी आहेत ते."

"कुणी तपासलं?"

"मी स्वतः भरलेत!"

"भरले तुम्ही. तपासले कुणी?"

मामांना एकदम खोकला आला. सर दार आपटून गेले. मोठ्या माणसांची ही एक खोडच असते. जगाला प्रश्न विचारायचे आणि आपल्यावर आला की दार आपटायचं.

तिने आम्हा सगळ्यांना तपासलं. बाकीच्या स्वच्छ निघाल्या. मला मात्र तिने तीनदा तपासलं. तिसऱ्यांदा तिचा हात थांबला.

दुपारी ती मला बर्फाच्या भांड्यात घालून सरांच्या खोलीत गेली. ते एकटेच जेवत होते. डबा अर्ध्यावर टाकलेला.

"सर, चौदा नंबरमध्ये विषाणू आहे."

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल. परत कर."

"तीनदा केलंय. चौदा कोण? नावांची वही तुमच्या कपाटात असते."

कुरकुरत त्यांनी वही काढली. बोट खाली सरकत चौदावर आलं. इतरांनी आपापली नावं लिहिली होती. चौदासमोर, सरांच्या अक्षरात, गमतीने एकच शब्द लिहिला होता. 'मी.'

सरांनी वही मिटली.

"मला कावीळ कधीच झाली नाही," सर म्हणाले.

"लहानपणी लागण झाली तर बहुतेकांना कळतही नाही. तुम्हीच शिकवलंत." तिचा आवाज खाली आला. "सर, तुमच्या आई कशाने गेल्या?"

"आई? मी आठ वर्षांचा होतो. तिच्या पोटात..."

ते थांबले. टेबलावर त्यांचाच फॉर्म पडला होता.

"पाणी झालं होतं," त्यांनी वाक्य पुरं केलं. आठ वर्षांच्या मुलासारखं.

बाळंतपणात आईकडून मुलाकडे विषाणू जातो, हे त्यांनी हजार वेळा सांगितलं असेल. पण आईच्या पोटातलं ते पाणी घरातलं होतं आणि फॉर्ममधलं लोकांचं. दोन्ही एकच असेल, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

"उठा, सर. सोनोग्राफी."

"अगं, तीनला मीटिंग..."

"मीटिंग गेली खड्ड्यात!"

सर उठले. कुणाचं ऐकताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

काल दार उघडलं ते सरांनीच. मागे ती उभी होती. त्यांच्या बोलण्यातून कळलं ते एवढंच. यकृतात गाठ आहे, एकच, काढता येण्यासारखी. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी.

"लेकीला फोन केलात का? तिचीही तपासणी करायची आहे."

"करतो."

"कधी?"

"आत्ता. तुझ्यासमोर करतो, बाई!"

त्यांनी मला तळहातावर घेतलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. अंगठ्याने बर्फ पुसला, पेन काढलं आणि 'निरोगी' या शब्दावर आडवी रेघ मारली.

"पुढे काय लिहिणार?" तिने विचारलं.

"आल्यावर लिहितो."

मग त्यांनी मला रुग्णांच्या डब्यात ठेवलं. इथे शेजार आहे, पण ओळख कुणाशीच नाही. रक्ताचं असं माझं एकच माणूस आहे आणि ते आज ऑपरेशनच्या टेबलावर आहे.

तुम्ही बाहेर उबेत आहात, म्हणून सांगते. तुमच्या घरात कोण कशाने गेलं, ते विचारून घ्या. आणि स्वतःला निरोगी म्हणण्याआधी एकदा तपासून घ्या.

माझ्या अंगावर रेघेपुढे एका शब्दाची जागा रिकामी आहे. मामा लिहायला तयार आहेत, तीही लिहील. पण मला दुसऱ्या कुणाचं अक्षर नको.