रुमालाखालचा भाव

शेंद्र्याला कंपन्या आल्या तेव्हाची गोष्ट. आमच्या वस्तीवरच्या सांडूबाबानं एका बाजारात सगळ्या मेंढ्या विकल्या आणि आवई उठली की मेंढरं चरतात त्या गायरानाभोवती कंपनीची भिंत उठणार. पुढच्या बाजाराला आणखी तिघांनी विकल्या. तिसऱ्याला मी, कडूबा, माझ्या वीस मेंढ्या घेऊन निघालो. त्या गेल्या की मी रिकामा. दुसरं काही मला येत नाही.

"भिंतीचं कुणी सांगितलं तुमाला?" बायकोनं, म्हाळसाबाईनं विचारलं.

"सगळेच इकत्यात. सगळे काय येडे हायेत?"

तिनं पदर खोचला आणि मेंढरांमागं माझ्यासोबत निघाली.

बाजारात व्यापाऱ्यानं रिवाजाप्रमाणे माझ्या हातावर रुमाल टाकला. भाव आत बोटं दाबून सांगायचा, तोंडानं नाही. त्यानं मेंढीमागं नऊशे सांगितले आणि कानाशी पुटपुटला, "फक्त तुला. कुणाला बोलू नको." मी मान हलवणार तेवढ्यात म्हाळसाबाईनं रुमालच ओढला.

"आमाला नऊशे म्हणतोय ह्यो! भिकनभाऊजी, तुमाला किती?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. शेजारी आपली मेंढरं घेऊन उभा असलेला आमच्याच वस्तीवरचा भिकन खाली बघत म्हणाला, "आठशे, वैनी."

"आन् इकताय कशापायी?"

"कडूबा निघाला म्हणून."

"आरं, मी तर तुला मेंढरं काढताना बघून निघालो!" मी ओरडलो.

चहाच्या टपरीवर सांडूबाबा बसला होता. म्हाळसाबाई थेट त्याच्यापुढं गेली. "बाबा, तुमी का इकल्या?"

म्हाताऱ्यानं गुडघ्यावरून हात फिरवला. "गुडघे गेले, बाई. मेंढरांमागं चालवत नाय. लाजंपोटी सांगितलं नाय कुणाला. चौदाशेनं गेल्या. भिंतीचं मला काय ठावं?"

जन्मभर मेंढरांना अक्कल नाही म्हणत आलो होतो मी. आता स्वतःचाच राग आला, आणि हसूही. व्यापारी मागं येऊन हजार म्हणाला, अकराशे म्हणाला, तेही मोठ्यानं. आम्ही मेंढरं माघारी वळवली.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून तलाठ्याकडे गेलो. नकाशात भिंत होती, पण नाल्याच्या पलीकडं. अलीकडचं गायरान तसंच राहणार होतं. एवढं विचारायला कुणी गेलंच नव्हतं.

व्यापारी अजूनही रुमाल टाकतात. आम्ही आत बोटं दाबतो आणि बाहेर येऊन एकमेकांना भाव सांगतो. म्हाळसाबाईनं ओढलेला रुमाल परत द्यायचा राहिला. ती त्यात भाकरी बांधून देते, आणि मी त्याच गायरानात, माझ्या वीस मेंढ्यांमध्ये बसून ती खातो.