घासलेल्या बाटल्या

नाक्यावर प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या गिळणारं यंत्र बसलं आणि आमच्या सासूबाईंनी पदर खोचला. घरात साठलेल्या पोतंभर बाटल्या त्यांनी घासल्या, लेबलं खरवडली आणि उन्हात वाळवल्या.

"आई, तिथे त्या वितळवणारच आहेत," मी म्हटलं.

"म्हणून काय कोणाच्या तोंडात उष्टं घालायचं?"

यंत्राने पहिली बाटली थुंकून टाकली. दुसरीही. पडद्यावर अक्षरं आली: लेबल नाही, बाटली ओळखता येत नाही. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली.

"चला आता घरी," मी वैतागून म्हणाले. पण हार मानतील तर त्या सासूबाई कसल्या! तरातरा शेजारच्या दुकानात गेल्या आणि पाण्याच्या बाटल्यांचा अख्खा खोका घेऊन आल्या. पाणी वाया घालवणं त्यांच्या रक्तात नाही, म्हणून ते आमच्या घासलेल्या बाटल्यांत ओतलं आणि रिकाम्या झालेल्या नव्या कोऱ्या बाटल्या यंत्राला भरवल्या. प्रत्येक घासाला यंत्र हिरवा दिवा लावून म्हणत होतं, "पृथ्वी वाचवल्याबद्दल आभार."

सासूबाई तोऱ्यात पुढे निघाल्या. मागे मी, पाण्याने जड झालेलं तेच पोतं ओढत.

"जपून गं," त्या वळून म्हणाल्या, "घासलेल्या आहेत!"