माफीची अट

प्रियदर्शिनीच्या उजव्या हाताची बोटं परत हलू लागली, हे आधी कळलं ते प्रेमलावहिनीला. कुर्त्याची बटणं लावायला ती पुढे झाली, तर खालचं बटण प्रियदर्शिनीने आपलं आपणच काजात सरकवलं होतं. वहिनी पलंगाच्या कडेवर बसून रडली. संध्याकाळी दादाराव कामावरून आला, त्याने बहिणीचा हात हातात घेऊन दाबून पाहिला, आणि हे इतक्यात कुणाला सांगू नका म्हणाला.

दादा असं का म्हणतो, ते तिला ठाऊक होतं. अकोल्याहून ती या परक्या देशात शिकायला आली ती इथल्याच एका बँकेच्या कर्जावर, आणि जामीन राहिला होता आधीपासून इथे नोकरी करणारा दादा. पदवी मिळाली, आंग मो किओ भागातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत नोकरी लागली, आणि दुसऱ्याच वर्षी पाठीच्या कण्याला सूज येऊन मानेखालचं अंग लुळं पडलं. दादाने बँकेचे उंबरे झिजवले. ही कायमची, पूर्णपणे अपंग आहे असं डॉक्टरांनी लिहून दिल्यावर कर्ज माफ झालं. अट एवढीच, की पाच वर्षं दरवर्षी बँकेचा डॉक्टर तिला तपासणार. ती काम करण्याजोगी झालेली दिसली तर माफी रद्द. जामिनातून मान सुटली म्हणून दादाने शहराच्या सेंगकांग भागात स्वतः कर्ज काढून फ्लॅट घेतला. तिच्या चाकांच्या खुर्चीसाठी दारं रुंद करून घेतली.

हळूहळू डावा हातही सुधारला, पण त्या दारांतून तिने एकटीने बाहेर पडायचं नाही असं ठरलं. खाली व्हॉइड डेकमध्ये, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, माणसं बसलेली असतात, बघतात, बोलतात. घरी कुणी आलं तर हात मांडीवर ठेवायचे. पाहुणे जेवायला असले तर वहिनीने भरवायचं. हात खरोखर निकामी होते तेव्हासुद्धा तिला इतकं जखडल्यासारखं वाटलं नव्हतं.

एका रविवारी दादा बुद्धविहारात वंदनेला गेलेला असताना तिच्या जुन्या कंपनीतला विवेक न कळवता आला. ती टेबलाशी वहिनीचा बिघडलेला मिक्सर उघडून बसली होती, सोल्डरिंग गन हातात. लपवायला वेळ मिळाला नाही. विवेक चहा घेऊन गेला, आणि आठवडाभराने त्याचा फोन आला. सर्किट बोर्ड तपासायचं काम आहे, अर्धा दिवस, तळमजल्यावर. साहेब तिला घ्यायला तयार आहेत.

तिने दादाला सांगितलं. तो चिडला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

"पाचातली तीनच वर्षं उरलीत, थांब, प्रिया," तो म्हणाला. "मग मी स्वतः तुला सोडायला येईन. आत्ता माफी गेली तर हे घर आपल्याकडे राहत नाही."

याच माणसाने तिला हॉस्पिटलातून उचलून घरी आणलं होतं. तिने विवेकला कळवते म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही.

त्या वर्षीच्या तपासणीला तिघं गेली. डॉक्टर वयस्कर चिनी गृहस्थ होते, हळू बोलणारे. त्यांनी तिचे पाय तपासले, मग हातात पेन देऊन धरायला सांगितलं. दादा तिच्या खुर्चीमागे उभा होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. तिने बोटं सैल सोडली. पेन फरशीवर पडलं.

डॉक्टर लिहायला वळले. वहिनी वाकली, तिने पेन उचललं, परत प्रियदर्शिनीच्या हातात दिलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत डॉक्टरांना म्हणाली, "शी कॅन राइट."

प्रियदर्शिनीने दादाकडे पाहिलं नाही. समोरच्या कागदाच्या कोपऱ्यात तिने आपलं नाव लिहिलं, वेडंवाकडं, पण पूर्ण.

टॅक्सीत दादाने बायकोला एवढंच विचारलं, की घर जाईल हे तुला कळत नव्हतं का.

"कळत होतं," वहिनी म्हणाली. "पण चांगल्या हातांच्या बाईला मी अजून तीन वर्षं भरवणार नाही. तुम्ही भरवा."

माफी रद्द झाली. दादाने पुष्कळ धावपळ करून हप्ते लांबवून घेतले, म्हणून घर तेवढं वाचलं. प्रियदर्शिनी कामावर जाऊ लागली. पगार यायचा तो हप्त्यात आणि टॅक्सीत जायचा. दादा रोज सकाळी तिला लिफ्टने खाली आणायचा, टॅक्सीत बसवायचा, खुर्ची घडी करून मागे ठेवायचा, आणि एक शब्द न बोलता परत फिरायचा.

काम तिला आवडायचं. पण दुपारकडे बोटं जड होऊ लागली की ती घाबरायची; हात पुन्हा गेले तर हप्ते कोण भरणार? विवेकने एकदा विचारलं, बरं वाटत नसेल तर थोडं थांबतेस का. ती नाही म्हणाली. तिने टेबलाखाली हात चोळले आणि पुढचा बोर्ड ओढून घेतला.