आधी खाटेपाशी ये

मित्रांनो, मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे. कारखान्यातून आलो तेव्हा माझ्या दांड्यात तोंड बघता येई. आता एक चाक कुरकुरतं आणि माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. चालायचंच.

माझी उमेदीची वर्षं एकाच वॉर्डात गेली. तिथे दोन सिस्टर होत्या. एक सदा हसतमुख, तिला सगळे हसरी म्हणत. दुसरी प्रत्येक गोष्ट डोळ्यांजवळ नेऊन बघायची, म्हणून ती भिंगवाली. ड्युटी संपली की हसरी दारातूनच ओरडायची, "सगळं झालंय गं, निघते!" सगळं कधीच झालेलं नसे. रिकामी बाटली बदलणं, सुटलेली चिकटपट्टी लावणं, हे भिंगवाली गुपचूप उरकायची. दोघी मैत्रिणी होत्या, डबाही एकत्र खायच्या.

एकदा एका आजोबांचा हात सुजला. सुई शिरेतून सरकली होती आणि सलाईन कातडीखाली जात होतं. त्यांच्या सुनेने हसरीला तसं सांगितलं. "बघते हं," म्हणून ती घरी गेली, सूनही गेली. सूज उघडकीस आली ती भिंगवालीच्या ड्युटीत, आणि मेट्रनबाईंची बोलणी तिनेच खाल्ली. "पुन्हा असं झालं तर घरी बसावं लागेल," असं त्यांनी बजावलं. मी सगळं पाहिलं होतं, पण मला तोंड कुठे होतं? फार वाईट वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी हसरीने दारातून हाक दिली, तर भिंगवाली म्हणाली, "आधी खाटेपाशी ये. हात बघू, बाटली बघू, मग जा."

"अगं, माझी बस चुकेल!"

"दुसरी मिळेल. मला दुसरी नोकरी नाही मिळायची."

मग रोज हेच. वॉर्डात तिला खडूस म्हणू लागले.

एके दिवशी दोघी असंच बघत असताना एका बाईंचा हात टम्म फुगलेला निघाला. भिंगवालीने आधी सलाईन बंद केलं, सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला. मग मेट्रनबाईंना बोलावलं.

"आपल्यातलं आपल्यात मिटव ना," हसरी हळूच म्हणाली. आता ती हसत नव्हती.

"आजवर तेच करत आले गं. म्हणून तर सगळं माझ्या गळ्यात आलं."

मेट्रनबाईंनी तो हात पाहिला, समोर उभी असलेली हसरी पाहिली. या वेळी बोलणी जिची तिला मिळाली. तेव्हापासून त्या वॉर्डात सगळ्यांनाच खाटेपाशी यावं लागतं. दोघींचा एकत्र डबा मात्र बंद झाला. भिंगवाली खिडकीशी एकटीच जेवायची.

मित्रांनो, टॉवेल खुशाल वाळत घाला, पण माझ्या चाकात थेंबभर तेलही घाला. आणि कुणाचं काम हाती घेताना ते दारातून घेऊ नका. जवळ जा, काम देणाऱ्यालाही सोबत न्या. बघणारे माझ्यासारखे पुष्कळ असतात, पण वेळ आली की आम्हाला बोलता येत नाही.