पाच हजार चाळीस धागे

"मास्तर, फणीचं शेवटचं घर रिकामं राहिलं."

मागाच्या फणीपलीकडून तिचा हुक आत आला आणि धाग्यावाचून परत गेला. ताण्याच्या या बाजूला बसून तो एकेक धागा पुढे करी. त्या बाजूने ती तो फणीच्या घरातून ओढून घेई. ताण्याच्या उभ्या धाग्यांतून तिचा चेहरा पाण्याखाली असल्यासारखा दिसे, आणि अर्ध्या आयुष्यात त्याने तो बहुधा तसाच पाहिला होता. आज तिचा कामाचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळच्या गाडीने मुलगा तिला कायमचा आपल्या गावी नेणार होता.

"म्हणजे पाच हजार एकोणचाळीसच भरले," तो म्हणाला.

"एकानं असं काय बिघडतं?"

"अहो बाई, पाच हजार चाळीस किती गुणी आकडा! दोनापासून दहापर्यंत कुणानंही भागा, बाकी उरत नाही. म्हणून तर सत्तर-सत्तर धाग्यांचे बहात्तर पट्टे बरोब्बर बसतात. त्यातला एक काढा, की उरते हट्टी मूळसंख्या. कुणाला म्हणून भागू देत नाही."

"कुणाशी जमत नाही म्हणा की. तुमच्यासारखी."

कारखान्यात त्याला सारे 'निःशेष' म्हणत. बाकी उरलेली त्याला खपत नसे, डब्यातली भाजीसुद्धा. हे नाव तिनेच ठेवलेले होते.

"आता उसवायला हवं," तो हलकेच म्हणाला. "दोन दिवस तरी थांबावं लागेल तुम्हाला. अडतिसाव्या पट्ट्यात सुटलाय."

तिने धाग्यांमधून त्याच्याकडे पाहिले.

"कुठे सुटलाय ते शोधलात कधी?"

दुपारचे ऊन ताण्यातून गाळल्यासारखे जमिनीवर पडले होते आणि सारी खोली त्यात मंदपणे तरंगत असल्याचा भास होत होता.

"सुटला नाही, सोडलात," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

दारातून मुलाने हाक मारली, "आई, आटप ना! गाडी काय तुझ्यासाठी थांबणारेय?"

"आले रे, जीव खाऊ नकोस!" म्हणत तिने रिळाचा एक धागा तोडला आणि काठाच्या रिकाम्या घरातून ओवून घेतला.

"झाली बेरीज. आता जाईल भाग?"

"जाईल. पण वाटे सारखे नसतील. अडतिसावा एकानं उणा, शेवटचा एकानं जास्त."

"कळणार कुणाला?"

"मला."

"मग असू दे," ती पदर सारखा करत उठली. "पोरगा ताटकळलाय, मास्तर. नाहीतर उसवलं असतं."

पावलांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला. तो ऐकू येईनासा झाल्यावरही त्याने मागाची कळ दाबली नाही.

आठवड्याने कापड उतरले. सदोष कापड त्याने आजवर कधी पुढे जाऊ दिले नव्हते. तपासनीस टेबलाशी शिक्का घेऊन उभा होता.

"काय निःशेष, सगळं ठीक? टाकू शिक्का?"

अडतिसाव्या पट्ट्यावर मास्तरचा अंगठा होता.

"टाका," तो म्हणाला, आणि अंगठा उचलला.